इन्कार केलेला नाही

निकाल सांगताना ते विरामचिन्हंही सांगत. स्पर्धा संपली की डेस्कवरचा फोन वाजायचा. स्वतःचं नाव न सांगता ते थेट सुरू करत, "लिहून घ्या. कल्याणच्या संघाने, स्वल्पविराम, मध्यंतराला पिछाडीवर असूनही, स्वल्पविराम, चार गुणांनी विजय मिळवला. पूर्णविराम." शेवटच्या पूर्णविरामानंतर फोन ठेवला जाई. 'ठेवतो' नाही, 'बरं' नाही, काही नाही. मी तेव्हा ठाण्याच्या एका दैनिकात नवा होतो. माझ्याकडे शाळांची संमेलनं, पाणीकपातीच्या सूचना आणि स्थानिक खेळ असं काम होतं. आलेली प्रत्येक बातमी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायची, असा आमच्याकडे नियम होता. त्यांची बातमी कुणी तपासत नसे.

ते कबड्डीचे समालोचक होते. टीव्हीवरचे नाहीत. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत हिवाळ्यात मंडळांच्या स्पर्धा होतात, तिथल्या टेबलावर माईक घेऊन बसणारे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी टाइमकीपर म्हणून नोकरी केली, म्हणजे कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला याची नोंद. निवृत्तीनंतर वर्तकनगरच्या एका वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर ते पत्नीसह राहत. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. मैदानावर सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीलाही काकू म्हटलं आणि पुढे तेच राहिलं.

आज त्यांचं नाव फार थोड्यांना सांगता येईल. त्यांच्या नावावर असलेलं वाक्य मात्र सगळ्यांना येतं: "गेला तर गेला, पुढचा पाठवा." फोन हातातून पडला, बस चुकली, मुलीने नकार दिला, साहेबाने राजीनामा दिला, की हे वाक्य येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं स्टिकर आहे, त्यावर माईक धरलेल्या म्हाताऱ्याचं व्यंगचित्र आहे. पक्ष सोडून गेलेल्या सहकाऱ्याबद्दल एका पुढाऱ्याने ते भाषणात वापरलं, तेव्हा मंडपात हशा झाला. पहिल्यांदा ते ज्या मैदानावर ऐकू आलं, तिथे एकोणीस वर्षांचा मुलगा मॅटच्या कडेला पडलेला होता. इस्पितळात नेईपर्यंत तो गेला होता. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे माहीत नाही. काहींना माहीत आहे.

हे वाक्य छापणारा पहिला माणूस मी आहे.

*

टाइमकीपरची सवय त्यांच्या अंगात राहिली होती. लग्नाला गेले की पत्रिका सोबत नेत. अक्षता पडल्या की घड्याळ पाहून पत्रिकेच्या मागे खरी वेळ लिहीत आणि ती पत्रिका आहेराच्या पाकिटात घालून यजमानाच्याच हातात देत. "मुहूर्त अकरा चाळीस. प्रत्यक्ष बारा एकतीस." याच्यावरून नात्यातली दोन घरं त्यांच्याशी बोलत नव्हती. काकू म्हणायच्या, "आता दोनच घरं राहिलीत बोलणारी. तीही तुटतील."

सामन्याच्या दिवशी ते सकाळपासून बोलत नसत. आवाज राखायचा म्हणून. चहा हवा असेल तर एक बोट, जेवण हवं असेल तर पाच. दारावर कुणी आलं तर पाटी दाखवत. मी एकदा अशाच दिवशी गेलो, तर काकूंनी आनंदाने बसवून घेतलं. म्हणाल्या, "या या, बसा. मॅचच्या दिवशी माणूस आलं की बरं वाटतं, घरात आवाज तरी होतो. हे आज मुके आहेत." ते शेजारी बसून ज्येष्ठमधाची काडी चघळत होते. त्यांनी पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं: "मुका नाही. शिल्लक टाकतोय."

सामन्याच्या अर्धा तास आधी ते दोन्ही संघांच्या बाकांजवळ जात. हातात दोनशे पानी वही. प्रत्येक खेळाडूचं पूर्ण नाव, मूळ गाव, वडील काय करतात, हे लिहून घेत.

"नाव?"

"बंटी."

"शाळेत बंटी नावाने घातलं होतं?"

"नाय काका."

"मग ज्या नावाने घातलं ते सांग."

मुलं एकमेकांना कोपर मारून हसत आणि मग पूर्ण नाव सांगत. मुलगा चढाईला निघाला की माईकवरून तेच नाव यायचं, वडिलांच्या नावासह, गावासह. कळव्याच्या खोलीत वाढलेल्या मुलाला आपण राजापूरचे किंवा खेडचे आहोत हे पहिल्यांदा त्या कर्ण्यावरून कळलेलं मी पाहिलं आहे.

मैदानावर बाद झालेल्याला सगळे 'मेला' किंवा 'गेला' म्हणतात. तीन गेले, चार राहिले. ते फक्त 'बाद' म्हणत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "तिथे त्याची आई बसलेली असते. माईकवरून मी कुणाला मारणार नाही."

दुसरे समालोचक सामना रंगला की ओरडतात. ते आवाज खाली आणत. शेवटच्या मिनिटाला तर इतका खाली, की लोक ऐकण्यासाठी गप्प होत आणि भरलेल्या मैदानावर फक्त मॅटवरच्या पावलांचा आवाज राही. हे मी पाच-सहा वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी ते घडलं.

त्यांचा एक नियम मात्र इतर समालोचकांना पटत नसे. मैदानात कुणी पडलं तर माईक बंद करायचा नाही. इतर जण अशा वेळी माईक बंद करतात, शांत बसतात, तीच सभ्यता समजली जाते. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. तरुणपणी डोंबिवलीच्या एका स्पर्धेत खेळाडू पडला, माईक बंद झाला, मागच्या लोकांना वाटलं मारामारी झाली, सगळे पुढे धावले आणि बांबूंची गॅलरी खाली आली. तेव्हा ते खाली बसलेल्यांत होते. त्यांच्या डाव्या पायात सळई होती ती त्या दिवसाची. "आवाज थांबला की माणसं उठतात," ते म्हणत. "आपण बोलत राहायचं. काहीही बोलायचं. वहीतलं वाचायचं. पण माईक चालू पाहिजे."

ज्या दिवसाबद्दल मी लिहितो आहे त्या दिवशीही माईक चालू होता.

*

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्याणच्या बाहेरच्या अंगाला एका मैदानावर स्पर्धेचा उपांत्य सामना होता. कळव्याचा एक संघ तीन गुणांनी मागे होता, दोन मिनिटं उरली होती. त्या संघाचा चढाई करणारा मुख्य खेळाडू एकोणीस वर्षांचा होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याचा थोरला भाऊ, वय सव्वीस, त्याच संघाचा प्रशिक्षक. वडील नव्हते. आई घरी साड्यांना फॉल लावून देई. धाकट्याला भावानेच खेळ शिकवला होता.

धाकटा चढाईला गेला. चौघांनी मिळून त्याला शेवटच्या रेषेवर ढकललं. तो पाठीवर पडला आणि डोकं मॅटच्या बाहेर, सिमेंटच्या कोब्यावर आपटलं. तो उठला नाही. मागे असलेल्या संघाचा दम टिकावा म्हणून खेळाडू पडून राहतात, हे कबड्डी पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पहिले काही क्षण सगळ्यांना तेच वाटलं. त्या काही क्षणांत कर्ण्यांवरून ते वाक्य मैदानभर ऐकू गेलं.

मी तिथे नव्हतो. डेस्कवर होतो. आमच्या वार्ताहराने मजकूर पाठवला: मुलगा मृत, पोलिसांत अपघाती मृत्यूची नोंद, आणि खाली एक ओळ, समालोचक माईकवरून असं असं म्हणाला, लोक चिडलेत, तिघांनी सांगितलं.

तीन माणसं म्हणजे नियमाप्रमाणे पुरेशी. तरी मी त्यांना फोन केला. दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी जात नाही.

"काका, तुम्ही असं म्हणालात?"

मागे काकूंचा आवाज येत होता, कोण आहे हो, कोण आहे.

"माझ्या माईकवरून गेलं," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही म्हणालात?"

"माईक माझा होता."

"काका, हो किंवा नाही सांगा. मला लिहायचंय."

"पूर्णविराम," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी लिहिलं: 'मुलगा मैदानात पडलेला असताना "गेला तर गेला, पुढचा पाठवा" असे उद्गार समालोचकाने काढल्याचे काही प्रेक्षकांनी सांगितले. समालोचकाने याचा इन्कार केलेला नाही.'

दोन्ही वाक्यांत चुकीचं काही नाही. प्रेक्षकांनी सांगितलं होतं. त्यांनी इन्कार केला नव्हता. 'गेला' हा शब्द त्यांच्या तोंडी मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं म्हणजे बातमी नव्हे. मी मजकूर पुढे सरकवला. वेबसाइटवर त्या रात्रीची सर्वांत जास्त वाचली गेलेली बातमी तीच होती, असं सकाळी संपादकांनी सांगितलं. कौतुकाने सांगितलं.

*

डोंबिवलीच्या एका तरुणाने बातमी वाचून ते वाक्य स्वतःच्या आवाजात म्हटलं. घोगरा, नाकातून येणारा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज. खाली कबड्डीचं कुठलं तरी जुनं चित्रीकरण लावलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना तेच खरं चित्रीकरण वाटलं. मग कुणी त्याला ताल लावला. कल्याणकडच्या हळदींमध्ये ते डीजेवर वाजू लागलं. तरुणाची मी फोनवर मुलाखत घेतली. तो बोलायला चांगला होता. "सर, मला काय माहीत तो पोरगा खरंच गेला ते," तो म्हणाला. "मला वाटलं फेकलेली स्टोरी आहे. आता डिलीट करून काय होणार? सगळ्यांकडे पोचलंय ते." त्याने डिलीट केलं. काही फरक पडला नाही.

वर्तकनगरमध्ये काका दूध आणायला निघाले की वसाहतीतली मुलं जिन्यात कुजबुजत. रिक्षाच्या रांगेत त्यांचा नंबर आला की मागून कुणी तरी म्हणे, "गेला तर गेला, पुढचा पाठवा," आणि रांग हसे. काकूंनी मला सांगितलं, "हे वळून बघतात, आणि म्हणतात, तुमचा नंबर आहे का, मग तुम्ही जा. आणि खरंच मागे जाऊन उभे राहतात. अहो, भांडा तरी! मी भांडले एकदा, तर मलाच म्हणतात, शेवटी नवऱ्याचंच वाक्य आहे ना, आजी."

गेलेल्या मुलाच्या तेराव्याला काका कळव्याला गेले. हे मला मुलाच्या चाळीतल्या एकाने सांगितलं. दारात माणसं होती. कुणी तरी त्यांची कॉलर धरली. थोरला भाऊ उंबऱ्यात उभा होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. आतून आईचा आवाज आला, "त्यांना जा म्हणावं." ते गेले. पाय ओढत जिना उतरताना वरून कुणी तरी चप्पल फेकली, ती खांद्यावर बसली. त्यांनी ती उचलून पायरीवर नीट ठेवली, असं सांगणारा हसत सांगत होता.

मंडळांनी त्यांना बोलावणं बंद केलं. पुढच्या हिवाळ्यात डोंबिवलीच्या एका मंडळाने मात्र बोलावलं. ते का, हे मला तिथे गेल्यावर कळलं. फलकावर त्यांच्या नावाखाली अवतरणचिन्हांत ते वाक्य छापलं होतं. ते फलकाजवळ थांबले, वाचलं, आणि टेबलाशी जाऊन बसले.

पहिल्याच चढाईला मागून आरोळी आली, "काका, एकदा बोला ना!"

ते खेळाडूचं नाव सांगत राहिले.

"ए काका! अरे बोल ना यार, एक बार!"

मग शिट्ट्या. मग शे-दोनशे मुलं एका सुरात तेच वाक्य म्हणू लागली. त्यांनी आवाज खाली आणला. नेहमीप्रमाणे. आणखी खाली आणला. मी टेबलाशेजारी बसलो होतो, मलाही ते ऐकू येईनासे झाले. ओठ हलत होते. मैदान गप्प झालं नाही. मध्यंतराला त्यांनी माईक शेजारच्या पंचांकडे सरकवला, वही पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "चला, मला स्टेशनपर्यंत सोडा." त्यानंतर ते कुठल्याही माईकसमोर बसले नाहीत.

*

खरं चित्रीकरण होतं. मला ते शोधायला फार उशीर झाला, कारण मी शोधत नव्हतो.

कल्याणचा एक जण अशा स्पर्धांचं इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करतो. कुणी पडलं की तो सभ्यता म्हणून प्रक्षेपण थांबवतो, तसं त्या दिवशीही लगेच थांबवलं होतं. त्याच्या संगणकावर मात्र चित्र आणि माईकचा आवाज साठत राहिला. दुसऱ्याच कामासाठी मी त्याच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "ते माझ्याकडे आहे. कुणी मागितलंच नाही." मी पेनड्राइव्हवर घेतलं आणि डेस्कवर हेडफोन लावून ऐकलं.

आधी त्यांचा आवाज आहे: "डॉक्टरांनी मैदानात यावं. प्रेक्षकांनी जागा सोडू नये." मग ते डॉक्टरांना शोधायला मान वळवतात. माईक टेबलावर, चालू. त्या रिकाम्या क्षणात दुसरा आवाज येतो, तरुण, घाईचा, माईकपासून हातभर लांबचा. "ए सोड त्याला, दम खातोय तो. गेला तर गेला, पुढचा पाठवा, टाइम बघ!" चित्रात दिसतं, कळव्याच्या बाकावरून उठलेला प्रशिक्षक एक हात टेबलावर टेकून मैदानाकडे बघत ओरडतो आहे. थोरला भाऊ.

त्यानंतर अकरा मिनिटं फक्त काकांचा आवाज आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत. ते वहीतून वाचत आहेत. दोन्ही संघांतल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय. पडलेल्या मुलाचंही, त्याच सुरात, त्याच्या क्रमाने. एकही माणूस जागेवरून उठलेला दिसत नाही. त्या अकरा मिनिटांबद्दल मला आजवर कुणीही काही सांगितलेलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी वर्तकनगरला गेलो. लॅपटॉप उघडला. ते म्हणाले, "लावू नका. मी तिथे होतो."

"काका, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"माझ्या कानाशीच तर ओरडला."

"मग मी फोन केला तेव्हा 'नाही' असं का म्हणाला नाहीत?"

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही पुढचा प्रश्न काय विचारला असता?"

पुढचा प्रश्न उघड होता. मग कोण?

"मी हे आता छापतो," मी म्हटलं. "आवाज स्पष्ट आहे. चित्र आहे."

"आणि त्याने काय करायचं?" ते म्हणाले. "त्याला त्याच खोलीत झोपायचंय, आईसमोर. त्याला वाटलं पोरगा दम खातोय. डॉक्टरांना मी नियमाने बोलावलं, पण वाटलं मलाही तेच. तुम्ही असता तर तुम्हालाही वाटलं असतं. मी माईक बंद केला असता तर ते टेबलापाशीच राहिलं असतं. माझ्या नियमामुळे गावभर गेलं. तेव्हा ते माझंच. पुसून टाका."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हे पहिल्यांदा ऐकत होत्या. "दीड वर्षं," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं नाहीत. मी रांगेत लोकांशी भांडत होते आणि मनात म्हणत होते, असं का हो बोलला असाल तुम्ही."

त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही.

मी पुसलं नाही, छापलंही नाही. संपादकांना फक्त एवढंच विचारलं, की जुन्या बातमीतलं शेवटचं वाक्य काढता येईल का. "जुनी बातमी कोण वाचतं?" ते म्हणाले. बातमी अजून तशीच आहे.

*

या वर्षी उन्हाळ्यात काका गेले. हृदयविकार, इस्पितळात दोन दिवस. स्मशानात पंधरा-वीस माणसं होती. कळव्याचा थोरला आलेला दिसला. कुणी न सांगता त्याने पुढे होऊन खांदा दिला. तिथल्या दोघातिघांनी त्याला ओळखलं आणि त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. तो ते ऐकत उभा राहिला. आम्ही त्यांच्या निधनाची चार ओळींची बातमी वेबसाइटवर दिली. तिच्याखाली वाचकांनी काय लिहिलं असेल ते सांगायची गरज नाही. दुपारपर्यंत मी प्रतिक्रिया बंद करून घेतल्या.

आठवड्याने थोरला कचेरीत आला. दाढी वाढलेली. बसला नाही.

"सर, लिहा," तो म्हणाला. "मी बोललेलो ते. काका नाय. माझं नाव टाका."

"आईला सांगितलंत?"

"नाय."

"मग मला लिहिता येणार नाही. आधी त्यांना सांगा."

"माझ्याच्याने होत नाय. दोन वर्षं ट्राय करतोय. तुम्ही चला सोबत."

आम्ही कळव्याला गेलो. चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, दारातून येईल तेवढाच उजेड. आई दाराजवळ बसून साडीला फॉल लावत होती. मी कोण ते त्याने सांगितलं. तिने मला खुर्ची दाखवली आणि हातातलं काम चालू ठेवलं. भिंतीवर धाकट्याचा फोटो होता, संघाच्या बनियनमधला.

तो उभ्यानेच म्हणाला, "आई, माईकवर तो आवाज माझा होता."

तिने टाका पूर्ण केला. दोरा दाताने तोडला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? मी तिथेच होते, बायकांच्या बाजूला. तुम्हा दोघांना मी वाढवलं. मला तुझा आवाज कळत नाही?"

"मग काका आलेले तेव्हा तू त्यांना..."

"जा म्हटलं." तिने साडीची घडी मांडीवर घेतली. "आत आले असते तर मला त्यांचे पाय धरावे लागले असते. मग तुला कळलं असतं मला माहीत आहे ते. मग तू या घरात राहिला असतास? एक गेला होता."

खाली गल्लीत पाण्याचा टँकर आला होता आणि बायका एकमेकींना हाका मारत होत्या. मी वही काढली होती. ती वहीकडे बघत म्हणाली, "छापायचं असेल तर छापा. तो म्हणतोय तर छापा. नाव नका टाकू. आणि एवढं लिहा की ह्याने जाणूनबुजून म्हटलं नाही. ह्याला खरंच वाटलं धाकटा दम खातोय."

मी लिहून घेतलं. आणि सवयीने विचारलं, कारण कुणीही काही ठामपणे सांगितलं की आम्ही हेच विचारतो, "हे तुम्हाला कसं माहीत?"

तिने सुई साडीत खोचली. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.